भाजी परतायची, शिजवायची नाही

गेल्या वर्षी ह्यांचा रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी घरातलं तेल निम्म्यावर आणायला सांगितलं. मी फोडणीचं तेल कमी केलं, सगळ्या भाज्या एकदम कढईत घातल्या आणि वर ताट झाकलं. रोज तीच गत. गाजर कच्चं, कोबीचा गिचका, तळाशी पाणी. डबे अर्धे भरलेलेच परत यायला लागले. निवडून, चिरून केलेली भाजी टाकून देताना जिवावर यायचं.

आई चार दिवस राहायला आली, तेव्हा ओट्याशी उभी राहून बघत होती. म्हणाली, "अगं, परतायचीय ना? मग वाफ कशाला कोंडतेस? ते ताट काढ आधी."

तेव्हा उलगडा झाला. कढईत पाणी आहे तोवर भाजी १०० अंशांच्या फारशी वर जात नाही, नुसती उकडत राहते. कडांना येणारा तांबूस रंग आणि खमंग वास त्याच्या बऱ्याच वरच्या तापमानाला येतो. चव गेली होती ती पाण्यामुळे, तेल कमी पडल्यामुळे नाही.

आता ऑफिसातून आल्याआल्या भाज्या धुऊन पंचावर पसरते आणि कोरड्या झाल्या की मगच चिरते. फरसबी तिरकी, गाजराच्या काड्या, ढोबळी मिरची लांब. कोबी मात्र बोटभर रुंद हवा, बारीक चिरला की लगेच मान टाकतो.

लोखंडी कढई मोठ्या आचेवर चांगली तापवते. पाण्याचा थेंब टाकला की मोत्यासारखा गोल होऊन पळायला हवा. तो उडाला की चहाचे दोन चमचे शेंगदाणा तेल, चौघांसाठी एवढंच. अगदी बिनतेलाची करत नाही, कारण गाजरातलं बीटा कॅरोटिन तेलाच्या सोबतीनंच नीट अंगी लागतं. जिरं, ठेचलेला लसूण, मिरचीचे दोन तुकडे. आधी गाजर-फरसबी तीन-चार मिनिटं, मग कोबी, शेवटी ढोबळी मिरची. सगळं मिळून आठ-नऊ मिनिटांत होतं.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो आवाज ओळखायला. घरच्या शेगडीची आच चायनीजच्या गाडीवरच्या भट्टीएवढी नसते, त्यामुळे अर्धा किलो भाजी एकदम टाकली की कढई गार पडते. चुर्र आवाज बसतो आणि बुडबुड सुरू होते. तशी ती सुरू झाली की समजायचं, पाणी सुटलं. म्हणून मी दोन घाण्यांत परतते. उलथनंही सारखं चालवत नाही. अर्धा मिनिट भाजी तशीच राहू देते, मग खालून वर उलटते. कोबीच्या कडेला बदामी डाग दिसले की मला फार बरं वाटतं.

मीठ अगदी शेवटी, कारण मिठानं पाणी सुटतं. मीठ घातलं की एकदा हलवून भाजी लगेच वाडग्यात काढायची. लोखंड तापलेलंच असतं, गॅस बंद केला तरी आतली भाजी शिजत राहते आणि काळवंडते. लिंबूही वाडग्यातच पिळायचं, आंबटानं कढईवरची तेलाची झिलई जाते. जेवणं होईपर्यंत कढई तशी ठेवत नाही. गरम पाण्यानं घासून, आचेवर कोरडी करून, तेलाचं बोट फिरवूनच मी पानावर बसते.