आमची वाटचाल: तयार लूपपासून गाणं ऐकणाऱ्या चित्रांपर्यंत

आमच्या फर्मची सुरुवात तयार लूपपासून झाली. रंगांचे भोवरे, वितळणारे आकार, आत आत जाणारे बोगदे अशा छोट्या चित्रफिती बनवायच्या आणि कार्यक्रमांत पडदा सांभाळणाऱ्यांना द्यायच्या. या कामाच्या दोन मर्यादा लगेच समोर येतात. पहिली फाइलची. सायकेडेलिक दृश्यात जवळजवळ प्रत्येक पिक्सेल प्रत्येक फ्रेमला बदलतो. एच.२६४ या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या नेहमीच्या पद्धतीची सगळी भिस्त शेजारच्या फ्रेममधल्या साम्यावर, त्यामुळे इथे ते हात टेकतं. गडद छटांत पट्टे उमटतात, बारीक रेषांचे चौकोन होतात. म्हणून आम्ही हॅप हा कोडेक (व्हिडिओ दाबायची आणि उलगडायची पद्धत) धरला. फाइल कित्येक पट फुगते, पण ती ग्राफिक्स कार्डावरच उलगडत असल्याने एकावर एक तीन-चार थर सहज चालतात. दुसरी मर्यादा लयीची, आणि तिच्यावर कोडेकचा उपाय चालत नाही. मिनिटाला १२० ठोक्यांसाठी बांधलेला लूप १२८च्या गाण्यावर लावला, तर आठ ठोक्यांत पाव सेकंद मागे पडतो. तिथून पुढे चित्र एकीकडे आणि गाणं दुसरीकडे.

मग चित्रफिती सोडून चित्र काढणारे प्रोग्राम लिहायला घेतले. ही वाट आधी बऱ्याच जणांनी तुडवलेली होती. १९७७ साली अटारीने म्युझिक सिस्टीम आणि टीव्ही यांच्यामध्ये जोडायची एक पेटी काढली होती, तिच्या बटणांनी आकार आणि रंग बदलत. विनॅम्प या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामसाठी रायन गाइस यांनी २००१ मध्ये आणलेलं, गाण्यावर चित्रं हलवणारं मिल्कड्रॉप तर या क्षेत्रातली पाठशाळाच आहे. त्याचा मुक्त अवतार प्रोजेक्टएम आजही जोमात आहे आणि एलजीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यामुळे व्यावसायिक कामात लायब्ररी म्हणून जोडता येतो. प्रीसेटचं, म्हणजे त्यावर चालणाऱ्या तयार दृश्यांचं, मात्र तसं नाही. ते असंख्य लोकांनी लिहिलेत आणि बहुतेकांच्या परवानगीची कुठे नोंद सापडत नाही. म्हणून आम्ही आमची दृश्यं स्वतःच लिहितो.

या सगळ्याचा गाभा म्हणजे फीडबॅक. मागची फ्रेम घ्यायची, एक टक्का मोठी करायची, अर्धा अंश फिरवायची, ०.९८ने गुणून फिकी करायची, तिच्यावर आवाजाची ताजी रेघ ओढायची आणि हीच फ्रेम पुढच्या फेरीला द्यायची. एवढ्यावर बोगदे, पिसारे, धुराचे लोट सगळं उभं राहतं. मात्र तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं ठिकाण आठ बिटांचा बफर, म्हणजे फ्रेम साठवायची जागा, जिथे रंग पूर्णांकातच बसतो. रंगाचं मूल्य २४वर आलं की २४ गुणिले ०.९८ म्हणजे २३.५२, आणि पूर्णांकात बसवताना ते पुन्हा २४च होतं. त्याखालचं एकही मूल्य पुढे उतरत नाही. काळा पडदा कधी काळा होतच नाही, जुन्या आकारांची राखाडी भुतं तशीच चिकटून राहतात. उपाय म्हणजे प्रत्येक रंगाला १६ बिटांचा फ्लोट, म्हणजे अपूर्णांक धरणारा, बफर. १९२० बाय १०८०ला एका बफरमागे साधारण १६.६ मेगाबाइट लागतात, आणि असे दोन लागतात, कारण एकातून वाचायचं आणि दुसऱ्यात लिहायचं.

दुसरं, फ्रेमचा वेग. सेकंदाला ६० फ्रेम असताना ०.९८च्या हिशेबाने सेकंदाअखेर ३० टक्के उजेड उरतो, ३० फ्रेमला ५५ टक्के आणि १४४ला जेमतेम पाच. म्हणजे दृश्य तेच, पण यंत्र बदललं की शेपटीची लांबी बदलली. म्हणून फिकेपणा, झूम आणि फिरकी यांचे आकडे आम्ही ‘दर सेकंदाला’ असे लिहितो आणि दोन फ्रेममधल्या खऱ्या वेळेचा घातांक लावतो.

तिसरं, धूसरपणा. प्रत्येक फेरीत चित्र ताणलं जातं, शेजारच्या पिक्सेलांची सरासरी होते आणि कडा विरतात. त्यावर हलकं शार्पनिंग (कडा ठळक करणं) द्यावं लागतं. ते जरा जास्त झालं, की पडद्यावर झेब्र्याच्या अंगावर असतात तसे पट्टे आपोआप उगवायला लागतात. हे पट्टे फार देखणे असतात. आमची काही दृश्यं मुद्दाम त्याच टोकावर ठेवलेली आहेत.

कानाच्या बाजूचं काम याहून चिवट. आवाज शक्यतो मिक्सरच्या लाइनमधून घ्यावा, मायक्रोफोनमधून नको. मधे ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स, म्हणजे दोन यंत्रांतला थेट विद्युत संबंध तोडणारी पेटी, लागतोच. नाहीतर ग्राउंड लूपची (यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या प्रवाहाची) ५० किंवा ६० हर्ट्झची घरघर थेट बासच्या पट्ट्यात येऊन बसते आणि शांततेतही पडदा धडधडत राहतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आवृत्तीत मायक्रोफोन घेताना इको कॅन्सलेशन, नॉइज सप्रेशन आणि ऑटो गेन (प्रतिध्वनी काढणं, गोंगाट दाबणं आणि आवाजाची पातळी आपोआप सावरणं) हे तिन्ही बंद करावे लागतात. ते बोलण्यासाठी बनवलेले आहेत, संगीताला गोंगाट समजून दाबून टाकतात. शिवाय तिथल्या अ‍ॅनालायझरचं स्मूदिंग (चढउतार सपाट करणं) मुळात ०.८ असतं, त्याने ढोलाचा ठोका पिठूळ होतो.

४८,००० हर्ट्झला २०४८ नमुन्यांचा एफएफटी (आवाज वेगवेगळ्या कंपनसंख्यांत फोडणारं गणित) घेतला तर पट्टा २३.४ हर्ट्झचा मिळतो, पण खिडकी ४३ मिलिसेकंदांची होते. त्यात ऑडिओ बफर, एक फ्रेम आणि एलईडी वॉलच्या (एलईडींच्या मोठ्या पडद्याच्या) प्रोसेसरच्या एक-दोन फ्रेम धरा. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला जाणवायला लागतं, आणि आपण तिथपर्यंत कधीच पोचलेलो असतो. म्हणून ठोका ओळखायला आम्ही एफएफटी वापरत नाही. लो-पास फिल्टर (फक्त खालचे सूर जाऊ देणारा) आणि एन्व्हलप फॉलोअर (आवाजाच्या जोराचा चढउतार मोजणारा) पुरतो: चढ ५ मिलिसेकंद, उतार १८०. मागच्या सेकंदाच्या सरासरीच्या १.४ पट गेला तर ठोका, आणि त्यानंतर १५० मिलिसेकंद दुसरा ठोका मोजायचा नाही. एफएफटी फक्त रंग आणि पोत हलवायला. खाली ऋण ५० डेसिबलला गेट (त्याखालचा आवाज अडवणारा) हवाच, नाहीतर दोन गाण्यांमधल्या शांततेत प्रोग्रामचा स्वतःचा ऑटो गेन नुसत्या खरखरीवर पडदा नाचवतो.

लखलखाटाच्या बाबतीत आम्ही कुणाचंच ऐकत नाही. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी टीव्हीवरच्या कार्टूनमधला लाल-निळा झगमगाट पाहून सहाशेहून जास्त जणांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत, ही वेब सुलभतेच्या नियमांतली मर्यादा. ठोक्यागणिक एक लखलखाट ठेवला तर १८०च्या गतीपर्यंत तो त्यात बसतो. अर्ध्या ठोक्यावर नेला तर ९०च्या पुढेच ओलांडतो. म्हणून चित्र पडद्यावर जाण्याआधी त्याची ६४ बाय ३६ची छोटी प्रत काढून उजेडाची चढउतार मोजली जाते आणि मर्यादा जवळ आली की जुनी फ्रेम मिसळून ती मवाळ केली जाते. भडक लालच्या लखलखाटाचा हिशेब वेगळा. हा टप्पा बंद करायचं बटण प्रोग्राममध्ये ठेवलेलंच नाही.

कायमस्वरूपी बसवायच्या कामांत वेळेचा आकडा दगा देतो. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये १६,३८४ सेकंदांनंतर, म्हणजे साडेचार तासांनी, वेळ सुमारे दोन मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी चालते. मोबाइलवर १६ बिटांचा फ्लोट वापरला तर २०४८ सेकंदांनंतरच पायरी दोन सेकंदांची होते आणि लाटा ठेचकाळतात. त्यामुळे वेळ डबलमध्ये (६४ बिटांच्या फ्लोटमध्ये) मोजायची आणि शेडरला (ग्राफिक्स कार्डावर चित्र काढणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) आवर्तनातला उरलेला भागच द्यायचा.

सध्या आम्ही ठोक्याचा अंदाज आधीच बांधण्यावर काम करतो आहोत. मागच्या ठोक्यांवरून गती आणि कला (ठोक्यांच्या आवर्तनात आपण नेमके कुठे आहोत ते) धरून ठेवायची आणि वॉलचा उशीर जितका असेल तितकं चित्र आधी पाठवायचं. यंत्रावर बांधलेल्या गाण्यात हे चोख बसतं. समोर वादक लय ओढत-सैल सोडत असेल तर अंदाज चुकतो. अशा वेळी प्रोग्राम विश्वासाचा आकडा घसरलेला पाहून पुन्हा ऐकलेल्या ठोक्यावर येतो. हा बदल प्रेक्षकाला झटका न बसता कसा व्हावा, यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ चालला आहे. तूर्त दोन्ही चित्रांची सरमिसळ चार ठोक्यांवर पसरवली आहे.