तुम्ही विचारलंत म्हणून: आवडतं, की समजतं म्हणून आवडतं?

कार्यक्रम संपला की मी पियानोचं झाकण लावेपर्यंत कुणीतरी जवळ येतंच. आधी दोन शब्द कौतुकाचे, मग जरा आवाज खाली आणून, "ताई, खरं सांगा हं. हे देब्यूसी-बिब्यूसी तुम्हाला मनापासून आवडतं, की समजतं म्हणून आवडतं?" विचारणारा खवचट नसतो. शोपँला त्याने मान डोलावलेली असते, आणि पुढची वीस मिनिटं देब्यूसी या फ्रेंच संगीतकाराच्या रचनांत चाल कधी येतेय याची वाट बघत बिचारा सभ्यपणे बसलेला असतो.

बरीच वर्षं मी "सवय लागते हो" म्हणून वेळ मारून नेत होते. पण सवय कारल्याचीही लागते. तेव्हा आता जरा नीट सांगते.

मी वाजवते आणि थोडंफार रचतेही. नाटकांचं पार्श्वसंगीत, मुलांसाठी छोट्या रचना, आणि कुणी न मागितलेल्या काही. त्यामुळे कुठलीही नवी रचना समोर आली की माझ्या आत दोघी जाग्या होतात. एक चष्मा लावून कागद वाचते: हे केलंय कसं? दुसरी बोटं मोकळी करत म्हणते, आधी वाजवून तर बघू. शोपँ, शूमान या एकोणिसाव्या शतकातल्या मंडळींच्या बाबतीत दोघींचं सहसा एकमत होतं. १९०० ते १९२० च्या दरम्यानचं संगीत आलं की भांडण सुरू. आणि खरं सांगायचं तर मला आवडतं ते हे भांडण.

उदाहरण एकच, पण जवळून बघू. देब्यूसीच्या प्रेल्यूड्सचा पहिला संच १९१० साली छापला गेला. बारा छोट्या रचना. प्रत्येकीचं नाव वर नाही, शेवटी, कंसात, आधी तीन टिंबं देऊन छापलेलं. म्हणजे आधी वाजवा, मग नाव बघा. त्यातली दुसरी 'व्वाल'. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ जहाजाची शिडंही होतो आणि चेहऱ्यावरचे झिरझिरीत पडदेही. देब्यूसीने कुठला ते सांगितलेलं नाही.

कागद वाचणारीने पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा ती खूश झाली नव्हती. एकूण ६४ बार (बार म्हणजे लिहिलेल्या संगीतातलं एक माप, आपल्या आवर्तनासारखं). एखाददुसरा अपवाद सोडला तर सगळं सहा स्वरांत, आणि प्रत्येक दोन स्वरांमध्ये अंतर अगदी सारखं. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नि. पंचम नाही, शुद्ध मध्यम नाही. तंबोऱ्याची पहिली तार कशात लावणार? सगळी अंतरं सारखी असली की घर कुठलं आणि अंगण कुठलं तेच कळत नाही. युक्ती म्हणून ठीक, पण युक्तीवर तीन-चार मिनिटं काढायची? खाली मंद्रात एकच स्वर, थोड्या थोड्या वेळाने, पुन्हा पुन्हा. तो स्वर पियानोवर 'बी फ्लॅट', म्हणजे आपल्या पेटीवाल्यांची काळी पाच.

मग वाजवणारी बसली. बोटांना पहिली गोष्ट कळली ती अशी की या सहा स्वरांत तीन पट्ट्या पांढऱ्या आहेत आणि तीन काळ्या. कागदावर हे दिसत नाही, तिथे सगळेच ठिपके सारखे. हात मात्र सतत पांढऱ्यावरून काळ्यावर चढतो आणि उतरतो, पाण्यावरच्या होडीसारखा. बेचाळिसाव्या बारला एकदम पाच फ्लॅटची, म्हणजे पाच स्वर अर्ध्या पायरीने उतरवायची, खूण येते आणि दोन्ही हात काळ्या पट्ट्यांवर जातात. फक्त काळ्या. सहा बार. हात सपाट होतो, बोटं पसरतात, वारा शिरल्यासारखे स्वर वर सुटतात. पुन्हा खाली पांढऱ्या-काळ्यांत यायला होतं तेव्हा खरंच काहीतरी मिटल्यासारखं वाटतं.

हे हाताला कळल्यावर चष्मेवाली पुन्हा कागदाकडे गेली, आणि आता तिला दिसलं. काळी पाच षड्ज धरा. त्या सहा बारमधले स्वर होतात सा, कोमल ग, शुद्ध म, कोमल ध, कोमल नि. मालकंसाचे स्वर! राग नव्हे, स्वर फक्त. देब्यूसीला मालकंस ठाऊक होता असला दावा मी करत नाही, कुणी करू नये. पण रचनेची गंमत बघा. आधीच्या सहा स्वरांतले सा, ध आणि नि जागेवरच राहिले. गेले ते रे, ग आणि तीव्र म, तिन्ही पांढऱ्या पट्ट्या. त्यांच्या जागी आल्या कोमल ग आणि शुद्ध म, दोन काळ्या. घराला दार नव्हतं असं वाटत होतं. शुद्ध मध्यम आला आणि दार उघडलं. इतका वेळ ज्याचा उपास घडवला त्याची किंमत सहा बारमध्ये कळते. हे मला कागदावरून कधीच कळलं नसतं. आणि नुसतं वाजवून का हे विचारायचंही सुचलं नसतं.

आता त्या मंद्रातल्या षड्जाचं. पियानोचा स्वर वाजला की मरायला लागतो, पेटीसारखा धरून ठेवता येत नाही. वरचे थर बदलत राहणार आणि खालचा स्वर तर ऐकू यायला हवा. उजवं पेडल दाबून ठेवलं तर सगळ्याचा चिखल. सोडलं तर षड्ज गेला. म्हणून पेडल अर्धं उचलायचं, डोळ्याची पापणी लवावी इतकंच. तारांवरचे दाबक क्षणभर टेकतात, वरच्या बारीक तारा गप्प होतात, खालच्या जाड तारा तेवढ्याने थांबत नाहीत. हे किती उचलायचं ते कागदावर नसतं. ते पियानोगणिक बदलतं, खोलीगणिक बदलतं, आणि पुण्यातल्या जुलैमध्ये तर आठवड्यागणिक बदलतं. माझ्या पियानोच्या पोटात पावसाळाभर पंचवीस वॉटचा बल्ब जळत असतो, लोकर दमट होऊ नये म्हणून. (वीजबिलाचं विचारू नका.)

मग विद्यार्थी विचारतात की संगीतकाराने सगळं लिहून का ठेवलं नाही? याच संचातली दहावी रचना घ्या, समुद्रात बुडालेल्या कॅथीड्रलची. कॉलेजच्या वयात मी ती छापल्याबरहुकूम बसवली. मधला घंटांचा भाग इतका ठाय की एका घंटेपासून दुसरीपर्यंत चहा होईल. मी त्याला गांभीर्य समजत होते. पुढे खुद्द देब्यूसीचं वादन ऐकलं. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने १९०४ मध्ये लोकांसमोर आणलेलं एक यंत्र होतं, वादकाने दाबलेल्या पट्ट्या कागदाच्या गुंडाळीवर भोकांच्या रूपात उतरवणारं. १९१२-१३ च्या सुमारास देब्यूसीने त्यावर आपल्या काही रचना वाजवल्या, त्यात ही एक. आणि हा गृहस्थ काही ओळी ठायीत वाजवतो, मग सरळ दुगुन करतो! पुन्हा ठाय, पुन्हा दुगुन. छापील प्रतीत याचा पत्ता नाही. आहे ते एवढंच की अगदी सुरुवातीला ६/४ आणि ३/२ अशी दोन मापं शेजारीशेजारी, मध्ये बरोबरचं चिन्ह. त्याला म्हणे तेवढं पुरेसं होतं.

चष्मेवाली भडकली. लिहायला काय झालं होतं?

तिचा राग फार टिकला नाही, कारण थोड्याच दिवसांत तिची स्वतःचीच फजिती झाली. माझी एक छोटी रचना एका विद्यार्थिनीला दिली होती. तिने ती हूबेहूब लिहिल्यासारखी वाजवली, एक चूक नाही, आणि ती रचना मेलेली होती. मी पियानोशी जाऊन वाजवून दाखवली. ती म्हणाली, "पण मॅडम, तुम्ही प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबता. ते यात कुठेय?" कुठेच नव्हतं. माझा हात इतकी वर्षं थांबत आला होता की लिहायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. जो स्वतः वाजवतो तो रचताना हाताला ठाऊक असलेलं कागदावर उतरवायचं विसरतो. तेव्हापासून देब्यूसीवर मी रागावत नाही. त्या काळातली जुनी रेकॉर्डिंग्ज मात्र चोर पकडायला बसल्यासारखी ऐकते.

देब्यूसीच्याच काळातला फ्रेंच संगीतकार राव्हेल याच्या उलट. तो जवळजवळ सगळं लिहितो, आणि आपल्या संगीतावर वादकाने स्वतःचे विचार चढवलेले त्याला खपत नसत. १९०८ चं त्याचं 'गास्पार द ला न्वी' कागदावर वाचताना मी थक्क होते. तिसरा भाग 'स्कार्बो' तर ठरवून अवघड केलेला, बालाकिरेव या रशियन संगीतकाराच्या महाअवघड 'इस्लामेय'वर मात करायची म्हणून. राव्हेल स्वतः त्या तोडीचा वादक नव्हता. पहिलं जाहीर वादन १९०९ मध्ये पियानोवादक रिकार्दो व्हिन्येसने केलं. माझ्याच्याने तो भाग होत नाही. दोन वेळा सुरू केला, दोन्ही वेळा मनगटाने नोटीस दिली. तिथे माझ्यातली एकच दाद देते, दुसरी हात चोळत बसते. रशियन स्क्रियाबिनचं नेमकं उलटं. तरुणपणी अतिरियाजाने उजवा हात दुखावला, म्हणून डाव्याकडून त्याने जे करवून घेतलं ते पुढच्या सगळ्या संगीतात दिसतं. हाताला तो भांगेसारखा चढतो. कागदावर, खरं सांगते, मला त्याचा शेवटचा काळ एकच स्वरसमूह घोटत बसल्यासारखा वाटतो. काही मित्रांशी यावरून माझं बोलणं बंद व्हायची वेळ आली आहे.

आणि ऑस्ट्रियाचा शोनबर्ग? हे नाव घेतलं की विचारणारे एक पाऊल मागे जातात. त्यांना मी भाषण देत नाही, पियानोशी बोलावते. १९०९ च्या त्याच्या ओपस (म्हणजे रचना क्रमांक) ११ मधल्या पहिल्या रचनेत एक जागा आहे. उजव्या हाताने चार पट्ट्या आवाज न करता दाबून धरायच्या. हातोडी तारेला लागता कामा नये, फक्त दाबक उचलले जायला हवेत. मग डाव्या हाताने खाली स्वर वाजवायचे आणि सोडायचे. वाजवलेलं थांबतं, आणि न वाजवलेल्या तारा गुणगुणत राहतात. हे सांगितलं की सतार ऐकणारा माणूस लगेच म्हणतो, "अहो, या तरफा!" तरफाच. शोनबर्ग म्हणजे गणित असं ऐकून आलेल्या माणसाला मी हे करायला लावते. एकदा एक निवृत्त इंजिनियर पाच मिनिटं त्या चार पट्ट्या दाबून बसले होते, मागची रांग खोळंबली.

त्याच शोनबर्गच्या ओपस १९ मधल्या सहा चिमुकल्या रचनांपैकी पाच त्याने एका दिवसात लिहिल्या, १९ फेब्रुवारी १९११ ला. सहावी जूनमध्ये, संगीतकार माहलर गेल्यानंतर महिन्याभराने. नऊ बार. शेवटी आवाजाची खूण चार 'पी', म्हणजे वाजलं की नाही असं वाटावं इतकं हळू. रचणारीला त्यात शिकायला पुष्कळ आहे, मुख्यतः काय लिहू नये ते. वाजवणारीची मात्र 'स्कार्बो'पेक्षा इथे जास्त परीक्षा होते. जोरात चुकलं तर खपून जातं.

हे सगळं ऐकून कुणी म्हणालं की छे, हे भलतंच गंभीर आहे, तर मी देब्यूसीच्या १९१५ च्या एत्यूडांतला, म्हणजे रियाजासाठीच्या रचनांतला, पहिला वाजवते. नाव 'पाच बोटांसाठी', पुढे मिश्किलपणे चेर्नीसाहेबांचा हवाला, बोटांच्या रियाजाची पुस्तकं लिहिणारे ते. सुरुवात सा रे ग म प म ग रे. अगदी पहिल्या आठवड्यातला अलंकार, शहाण्या मुलासारखा. आणि तेवढ्यात मध्येच एक कोमल धैवत नाक खुपसतो. परत सा रे ग म, परत तो धैवत. शिकवणीत बसलेल्या प्रत्येक मुलाच्या मनात जे असतं ते त्रेपन्न वर्षांच्या, आजारी देब्यूसीने लिहिलं. या एत्यूडांना कुठलं बोट कुठे ते त्याने मुद्दाम लिहिलं नाही. ज्याचे हात त्याने आपलं शोधावं, असं प्रस्तावनेतच सांगून टाकलं.

तर आवडतं, की समजतं म्हणून आवडतं? मला आधी बोटांना आवडलं, समजलं मागाहून. कधी क्रम उलटाही होतो. दोन्ही एकाच दिवशी झालं असं फार थोड्या वेळा.

आमच्या वाड्यात एक पेटीवादक काका आहेत, पंचाहत्तरीचे. त्यांनीही मला हाच प्रश्न विचारला होता, कौतुकाचे दोन शब्द वगळून. मी त्यांना पियानोशेजारी बसवलं, खालची काळी पाच दाखवली, "मी मान हलवली की ही वाजवा" म्हटलं, आणि 'व्वाल' सुरू केलं. पहिली दोन पानं ते कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. बेचाळिसावा बार आला. काका पट्टीवर बोट ठेवून माझ्याकडे वळले, "मालकंस?" सहा बार संपले. "गेला पण?"

"गेला."

"परत घ्या."

तीनदा घेतलं. मग ते म्हणाले, हा षड्ज तुमचा फारच लवकर विरतो, थांबा, आणि जाऊन पेटी घेऊन आले. पेटीवर काळी पाच धरली, भाता चालू ठेवला, मी सुरू केलं. दोन बारांतच दोघेही थांबलो. पेटी आणि पियानो जुळेनात. काकांनी पेटीकडे बघितलं, मग पियानोकडे, आणि शांतपणे सांगितलं, "तुमचा उतरलाय." ऑगस्ट चालू होता. मी ट्यूनरला फोन लावला.