मामांच्या एमजीएसाठी ओरिजिनल पत्रा शोधताना : माझा अनुभव

आमच्या थोरल्या मामांची एमजीए १५०० आहे, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९५७ ची. गोव्यात पोर्तुगीज असतानाच तिकडं उतरलेली गाडी, गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी मामांनी म्हापशाच्या एका घरातून घेतली आणि अनमोडातून, खानापूरमार्गे बेळगावला आणली. नंतर बरीच वर्षं ती टिळकवाडीत शेडखाली पडून होती, पुढचं डावं मडगार्ड कुठल्यातरी जुन्या अपघातात गेलेलं, डिकीचं झाकण गायब, आणि ग्रिलच्या निम्म्या पट्ट्या तुटलेल्या. मामांनी मला सांगितलं की करायची तर जशी होती तशीच कर, नाहीतर राहू दे. मलाही तेच पटलं.

इंजिनाचं काही टेन्शन नव्हतं हे आधी सांगतो, कारण लोकांना उलटं वाटतं. या गाडीत बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, तेव्हाची एमजीची मालक कंपनी) बी-सिरीज १४८९ सीसी इंजिन, आणि आपल्या अँबॅसडरमध्ये कित्येक वर्षं त्याच खानदानातलं इंजिन होतं, त्यामुळं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जुन्या दुकानांत विचारलं की बरंच काही निघतं. कार्बोरेटर वेगळे, एमजीएला एसयू कंपनीचे दोन येतात. मशीनिंगला तर बेळगाव सोडायचीच गरज नाही, आपल्या उद्यमबागेत क्रँकशाफ्ट बनतात.

खरी गोची बॉडीची. एमजीए १९५५ ते १९६२ अशी बनली, एकूण १,०१,०८१ गाड्या, पण बहुतेक सगळ्या इंग्लंडबाहेर गेल्या आणि त्यातही जास्त अमेरिकेत, आपल्याकडं आल्या त्या हाताच्या बोटांवर. वर १५००, १६०० आणि मार्क टू या तिच्या मॉडेलांत बारीक बारीक फरक. १५०० ला मागच्या लाईटचा बसका (ज्या बैठकीवर लाईट बसते ती) वेगळा, १६०० ला इंडिकेटर वेगळा झाला म्हणून बसका बदलला, मार्क टूचं ग्रिल आत दबलेलं. त्यामुळं नुसतं "एमजीएचं ग्रिल आहे का" असं विचारून उपयोग नाही, समोरचा काहीतरी पाठवून देतो. एका परदेशी विक्रेत्यानं मला १५०० चा म्हणून १६०० चा बसका पाठवला, परत पाठवायचा खर्च वस्तूपेक्षा जास्त. तेव्हापासून मी आधी फोटो मागतो, समोरून, मागून, आणि बोल्टच्या भोकांचा जवळून.

मडगार्ड आधी नवीन बनवलेलं मागवलं होतं. या गाडीची मडगार्डं बोल्टनी बसतात आणि मडगार्ड आणि बॉडीच्या मध्ये एक बारीक पायपिंग, म्हणजे फटीत बसणारी गोल कडेची पट्टी, येते, ती रेष पुढून मागं सरळ दिसली पाहिजे. नवीन पत्रा दिसायला झकास, पण लावून बघितला तर दाराकडं करंगळी जाईल एवढी फट आणि पायपिंगची रेष मध्येच वर उचललेली. बेळगावातल्या शहापूरचे आमचे टिंकर (पत्र्याचं काम करणारे) मिस्त्री, वय सत्तरच्या पुढं, त्यांनी ते हातात घेऊन दोन मिनिटं फिरवलं आणि म्हणाले, "अण्णा, ह्ये नुसतं झाकण हाय. जुनं कुठं घावतंय बघा, फाटकं असलं तरी चालतंय, मी सांधतो की." मला वाटतं या सगळ्या कामात सगळ्यात मोलाचं कुणी काही सांगितलं असेल तर हेच. त्या काळी बॉडी हातानं जुळवून बसवायचे, त्यामुळं जुन्या पत्र्याच्या कडा आणि भोकं जुन्या बॉडीशी जेवढी जुळतात तेवढी नव्याची जुळत नाहीत.

मग जुनं शोधायला लागलो. मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार, चेन्नईचं पुदुपेट, बंगळूरचं शिवाजीनगर सगळं पालथं घातलं, तिथं फियाट, अँबॅसडर, हेराल्डचं मिळतं, एमजीए नाही. शेवटी गोव्यातच धागा लागला. मडगावच्या एका म्हाताऱ्या मेस्तानं सांगितलं की साष्टीत एका घरी गोठ्यात लाकडांखाली "त्या गाडयेचें कितें तरी" पडलंय. गेलो तर खरंच पुढचं डावं मडगार्ड, खालची कड गंजून गेलेली पण दाराकडची बाजू आणि लाईटचा गोल शाबूत. आणि त्याच्या मागं डिकीचं झाकण!

झाकणाची गंमत अशी की एमजीएचं बॉनेट, डिकीचं झाकण आणि दारांचा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा असतो, बाकी बॉडी लोखंडी. मी खिशात लोहचुंबक ठेवतोच, मडगार्डावर लावलं तर खाडकन चिकटलं, म्हणजे आत पुट्टी भरलेली नाही, झाकणावर लावलं तर सरळ घसरून खाली पडलं. मला तिथंच हसू फुटलं. फक्त आतल्या लोखंडी सांगाड्यावर पत्रा जिथं दुमडलाय तिथं पांढरी भुकटी धरली होती, दोन वेगळे धातू आणि कोकणातला पाऊस, दुसरं काय होणार. ती दुमड हळूहळू उघडून, सांगाडा साफ करून, प्रायमर मारून मिस्त्रींनी परत बसवली, त्या कामाची घाई मी त्यांना कधीच केली नाही.

गोठा असलेल्या त्या घरच्या आजींनी पैसे घेतले पण थोडे, आणि गाडी रस्त्यावर आली की दाखवायला आणायची असं वचन घेतलं. ते मी पाळणार.

ग्रिल इंग्लंडमधून आलं, तिकडं नोकरीला असलेल्या मित्रानं सप्टेंबरात ब्यूलीच्या ऑटोजम्बलमध्ये, म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, शोधून दिलं. मोठ्या वस्तू कुरियरनं मागवणार असाल तर एक लक्षात ठेवा, पैसे वजनावर नाही तर खोक्याच्या आकारावर लागतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये आणि भागिले ५०००, असा बहुतेकांचा हिशोब. म्हणून मडगार्ड, झाकण असलं इकडंच शोधावं आणि ग्रिल, बसके, बिल्ले तेवढे तिकडून आणावेत.

एवढा अट्टहास कशाला असं घरात पण विचारतात. एक तर मामांचा शब्द. दुसरं, २०२१ च्या नियमानं ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्हीए येतं, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. उद्या कुणी बोट ठेवायला नको.

आता मागच्या डाव्या लाईटचा १५०० चा बसका तेवढा राहिलाय. गोव्यात, कारवारात, निपाणी-कोल्हापूरकडं कुणाच्या गोठ्यात, माळ्यावर असला तर नक्की कळवा, कसलाही असू दे, मी स्वतः येऊन बघतो.