फोटो निघतो की, मग चित्र कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. खरं तर हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो, शेवटचा आला मागच्या महिन्यात एका साखरपुड्यात, हातात जिलबीची प्लेट असताना. नवऱ्याचे मामा म्हणाले, अगं पण आता मायक्रोस्कोपलाच कॅमेरा असतो ना, सगळ्याचा फोटो निघतो, मग चित्र काढायला माणूस कशाला लागतो? आणि मी तोंड उघडायच्या आत मामींनी पुढचा टाकला, आता तर एआय काढून देतं म्हणे.

मी रिसर्च पेपरसाठी, पीएचडीच्या पोस्टरसाठी आणि कधीकधी पेशंटना द्यायच्या माहितीपत्रकांसाठी चित्रं काढते. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी केलं आणि त्याच्या आधी शाळेत असताना एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिल्या होत्या, दोन्हीचा असा एकत्र उपयोग होईल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. "सुबक व नामनिर्देशित आकृती काढा" हा प्रश्न आपण सगळ्यांनी सोडवलाय, माझं पोट त्यावर चालतं इतकंच.

तर फोटो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा पेशीचा फोटो आईला दाखवला तर ती म्हणाली पावसात ओल आलेली भिंत दिसतेय. तिचं काही चुकलं नाही, तसाच दिसतो तो, करडा आणि सगळीकडे सारखाच गच्च. फोटोत जे समोर होतं ते सगळं येतं, त्यातलं कुठलं बघायचं ते ज्याला आधीच माहितीये त्यालाच दिसतं. आणि काही गोष्टींना तर रंगच नसतो. २०२० मध्ये जगभर टीव्हीवर दिसलेला तो करडा गोळा आणि त्यावरचे लाल तुरे आठवतात? तो अमेरिकेच्या सीडीसीमधल्या, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण करणाऱ्या सरकारी संस्थेतल्या, अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या दोन चित्रकारांनी केला होता. विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची लहर ४०० ते ७०० ची, म्हणजे एवढ्या बारीक गोष्टीला आपल्या अर्थाने लाल-करडं काही नसतंच, तो लाल कुणीतरी बसून निवडला. आता डोळे मिटून कोरोना म्हटलं की तुम्हाला तोच दिसतो.

बरं, चित्र खरं असतं का, तर नाही, आम्ही सर्रास खोटं काढतो. एक अँटीबॉडी, म्हणजे जंतूंशी लढायला शरीर बनवतं ते प्रोटीन, साधारण १० नॅनोमीटरची, ती बनवणारी पेशी ढोबळमानाने १० मायक्रॉनची म्हणजे १०,००० नॅनोमीटरची, हजारपट. मी कागदावर अँटीबॉडी एक सेंटिमीटरची काढली तर तिच्या शेजारची पेशी दहा मीटरची काढावी लागेल, म्हणजे तीन मजली बिल्डिंग. आणि जर्नलमध्ये एका कॉलमला जागा किती, तर 'नेचर'मध्ये ८९ मिलिमीटर. मग काय, पेशी बारीक करायची, अँटीबॉडी फुगवायची आणि पुढे चालायचं. माप खोटं चालतं, सगळ्यांना माहीत असतं ते. जे खोटं चालत नाही ते म्हणजे बाण, आणि माझा निम्मा वेळ बाणांवर भांडण्यात जातो.

एक किस्सा सांगते, नावं गाळून. टीबीवर काम करणारी एक मुलगी आली होती, पीएचडीचं शेवटचं वर्ष, पेपर पाठवायचा होता आणि डोळ्यांखाली काळं. टीबीचा जंतू आपल्या मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशीत शिरतो, म्हणजे ती पेशीच त्याला गिळते, आणि खरं तर तिथे त्याचं पचन व्हायला हवं, कारण पाचक रसांची पिशवी, लायसोसोम, येऊन जंतू ज्या कप्प्यात असतो त्याला चिकटते. पण हा जंतू ते चिकटणंच अडवतो आणि आत आरामात राहतो. हे जुनं माहितीये. हिचं म्हणणं होतं की अमुक एक प्रोटीन त्यात आहे. तिने पॉवरपॉइंटमध्ये कच्चं चित्र करून आणलं होतं, जंतूतून प्रोटीन निघतंय आणि तिथून सरळ लायसोसोमवर एक आडवी दांडी, आमच्यात आडव्या दांडीचा अर्थ अडवणं. मी विचारलं, हे प्रोटीन स्वतः जाऊन अडवतं का गं? ती म्हणाली, हो म्हणजे, ते प्रोटीन बनवणारं जीन काढून टाकलं की लायसोसोम पुन्हा चिकटायला लागतात. मी म्हटलं ते कळलं, पण स्वतः अडवतं का?

आमच्या वाड्यात बंड्याला सुट्टीत गावाला पाठवलं की काचा फुटायच्या बंद व्हायच्या. म्हणजे काचांमध्ये बंड्याचा हात होता हे पक्कं, पण दगड तोच मारायचा की दुसऱ्याच्या हातात द्यायचा, हे बंड्या गावाला गेल्याने कळत नाही. ती दोन मिनिटं गप्प बसली मग म्हणाली, मॅडम, याचा पुरावा आमच्याकडे नाहीये. पेपरच्या मजकुरात तिने "भूमिका असावी" असं जपूनच लिहिलं होतं, चित्रात मात्र सरळ ठोकून दिलं होतं, कारण वाक्यात "असावी" लिहिता येतं आणि रेघ एकतर असते नाहीतर नसते. शेवटी आम्ही तुटक रेघ काढली आणि मध्ये एक रिकामा गोल, नाव नसलेला, म्हणजे मधे कोण आहे ते अजून माहीत नाही. तिच्या गाइडना ते आवडलं नाही, म्हणाले पेपर तपासणारा रिव्ह्यूअर याच गोलावर बोट ठेवेल, आठवडाभर मेल चालले, शेवटी राहिला तो गोल. मामांना हेच सांगायचं होतं मला, पण जिलबी गार होत होती, कॅमेऱ्याला कुणी विचारत नाही की ही रेघ कशाच्या जोरावर.

आता मी फार शहाणी असं वाटू नये म्हणून माझंही सांगते. एका कॉन्फरन्सच्या पोस्टरवर डीएनएचा गोफ काढला, छान झाला, पण लेआउटमध्ये सगळं डावीकडून उजवीकडे जायला हवं होतं म्हणून मी ते अख्खं चित्र आरशासारखं फिरवलं. आपल्या पेशीतला नेहमीचा डीएनए उजव्या पिळाचा असतो, साध्या स्क्रूसारखा, उभा धरला तर समोरचे धागे खाली डावीकडून वर उजवीकडे चढतात. आरशात तो डावा होतो. चार फूट उंच पोस्टर, फ्लेक्सवर छापलेलं, आणि एक म्हातारे सर समोर उभे राहून काही न बोलता हवेत बोटाने पीळ काढून दाखवत होते, मला पाच मिनिटं कळेचना ते काय करतायत. ही चूक इतकी कॉमन आहे की तुम्ही आत्ता नेटवर डीएनएची चित्रं शोधलीत तर डावखुरे गोफ ढिगाने सापडतील, बँकेच्या जाहिरातीत, लॅबच्या लोगोत, कुठेही. गंमत म्हणजे डीएनएची रचना पहिल्यांदा मांडणाऱ्या १९५३ च्या वॉटसन-क्रिकच्या पेपरातलं चित्र ओडिल क्रिकने काढलं होतं, क्रिकची बायको, पेशाने चित्रकार, दोन फिती आणि मध्ये आडव्या काड्या, बस्स, आणि खाली लिहिलंय की ही आकृती निव्वळ कल्पना देण्यापुरती आहे. पण पीळ बरोबर आहे.

एआयबद्दल फार बोलत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत एका जर्नलमध्ये एआयने काढलेला उंदीर छापून आला होता, त्याचे अवयव इथे लिहिण्यासारखे नव्हते आणि नावनिर्देशनात जे शब्द होते ते कुठल्याच भाषेत नव्हते, काही दिवसांत पेपर मागे घेतला. लोक त्या उंदरावर हसले, मला काळजी न हसण्यासारख्या चित्रांची वाटते, जिथे उंदीर नीट दिसतो आणि दांडी चुकीच्या जागी असते.

सगळ्यात अवघड काम मात्र पेपरांचं नसतं, पेशंटचं असतं. डायलिसिसच्या माहितीपत्रकासाठी चित्र केलं होतं, हातातला फिस्तुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा), दोन सुया, मशीनकडे जाणारी लाल नळी आणि परत येणारी निळी. वॉर्डात एका पेशंटच्या बायकोला दाखवलं, त्या म्हणाल्या, म्हणजे लाल नळीतून चांगलं रक्त अंगात येतं ना? बरोबर उलटं. लाल नळी अंगातलं न गाळलेलं रक्त मशीनकडे नेते आणि निळी गाळलेलं परत आणते. पण लाल म्हणजे चांगलं आणि निळं म्हणजे घाण हे त्यांना आपणच शाळेत शिकवलंय, हृदयाच्या आकृतीत. रंग बदलावे तर मशीनवरच्या नळ्यांच्या चिमट्यांना तेच लाल-निळे असतात, पेशंट दर वेळी तेच बघतो. शेवटी रंग तसेच ठेवले आणि नळ्यांवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "अंगातून मशीनकडे", "मशीनमधून अंगात". आणि दोन्ही नळ्यांच्या आतलं रक्त लालच दाखवलं, कारण ते लालच असतं, निळं रक्त कुठल्याच माणसाचं नसतं. डिझायनर मित्र म्हणाला दिसायला वाईट झालंय. झालंय खरं.

हे सगळं मामांना फोनवर सांगितलं, साखरपुड्यानंतर दोन दिवसांनी, कारण मला राहवेना. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरं मग आमच्या ओमला शाळेत हृदयाचा प्रोजेक्ट आहे, तू एवढं करतेस तर काढून दे की एक. मी हो म्हटलं. आता शिरा निळ्या काढल्या तर मला झोप लागणार नाही आणि लाल काढल्या तर ओमचे मार्क जाणार, शनिवारी द्यायचंय.