शून्य कुठे धरायचं

आईला लाकडी मिसळणाचा डबा करून देईन, असं मी दिवाळीत बोलून बसलो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १२ मिलिमीटर जाडीची सागवानी फळी आणली. बाल्कनीत छोटं टेबल सॉ, म्हणजे फिरत्या गोल पात्याचं लाकूड कापायचं मशीन आहे, त्याचं पातं ४५ अंशांत कलतं केलं, चार बाजूंची आठ टोकं कापली, फेविकॉल लावलं. तीन कोपरे असे बसले की मी स्वतःवरच खूश. चौथा मात्र बसेना. आतून टेकलेला, बाहेरून आ वासलेला. आई फोडणीच्या तयारीत होती. तिने मोहरीचा एक दाणा चिमटीत धरला आणि त्या फटीत ठेवला. बसला.

"छान झालाय," ती म्हणाली. "मोहरीची सोय वेगळी केलीस ते बरं केलंस."

नंतर कळलं, मशीनवरची पट्टी खोटं बोलत होती. काटा ४५ वर आणि पातं ४४.४ वर. एवढ्याशा फरकाला एका कापात कोण विचारतंय? पण तो आठ वेळा कापला की जवळजवळ पाच अंशांची उधारी होते. पहिले तीन कोपरे आपापला वाटा गुपचूप पुढे सरकवतात आणि सगळं देणं चौथ्याच्या दारात येतं. फळीचा तिरका काप १७ मिलिमीटरचा, त्यावर एवढा कोन म्हणजे बाहेरच्या कडेला दीडेक मिलिमीटरची फट. मोहरीपुरती ऐसपैस जागा.

हा हिशेब मांडता आला तो डिजिटल अँगल गेज, म्हणजे कोन मोजायचं यंत्र घेतल्यावर. मुठीत मावेल एवढा ठोकळा, तळाला लोहचुंबक, वर आकडे आणि दोन-तीन बटणं. आत सिलिकॉनचं अतिसूक्ष्म वजन तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. ठोकळा कलला की ते वजन जमिनीकडे झुकतं आणि किती झुकलं ते चिप सांगते. मोबाइल आडवा धरल्यावर पडदा फिरतो, तोही याच युक्तीने. म्हणजे गवंड्याचा ओळंबाच, फक्त दोरी दिसत नाही. त्यामुळे ओळंब्याची मर्यादाही याला आहे. टेबलावर आडव्या ठेवलेल्या फोटोफ्रेमचा कोपरा काटकोनात आहे का, हे याला कधीच कळणार नाही. तिथे सुताराचा काटकोनी गुण्याच लागतो.

वापर सोपा आहे. आधी मशीनची पिन काढायची. पातं पूर्ण वर घ्यायचं. गेज टेबलावर ठेवून शून्याचं बटण दाबायचं, मग ते पात्याला लावायचं. टक् करून चिकटतं. दात्यांवर नाही, सपाट पत्र्यावर. कार्बाइडचे दाते पत्र्यापेक्षा जाड असतात, त्यांच्यावर टेकलं की आकडा बिघडतो. चुंबकाला लोखंडाचा कीस लागलेला असला तरी बिघडतो, म्हणून दर वेळी अंगठ्याने पुसायचं. मग पातं कलवणारं चाक फिरवत बसायचं. ४४.७, ४४.९, ४५.०, पुन्हा ४४.९. श्वास रोखून ४५.० वर थांबायचं आणि पातं जागी पक्कं करणारी मशीनची मूठ आवळायची. आवळताना पातं ०.२ ने सरकतं! आता मी ४४.८ वरच थांबतो आणि उरलेलं काम मुठीवर सोडतो.

मला सगळ्यात आवडतं ते शून्याचं बटण. ते न दाबता गेज स्वतःच्या ओळंब्याने मोजतं; दाबलं की आपण सांगू ते सरळ. टेबल कललेलं असेना का, तेच शून्य धरायचं आणि पातं त्याच्या हिशेबाने मोजायचं. आमच्या घरात निम्मे वाद याच पद्धतीने चालतात, ते असो.

हातात आकडा आला की माणूस चळतो. मी घरभर मोजत सुटलो. फ्रिज पुढे झुकलेला. आईचं घावन नेहमी डावीकडे का पळतं, तर शेगडी १.३ अंशांनी कललेली. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. आई म्हणाली, "आता उजवीकडून उलथायची सवय करू का?" घडी काढली.

आमच्याकडे कपाटाचं दार बसवायला येणारे मिस्त्री हे सगळं बघत होते. गेज हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हे पालथं करून बघितलंत का?" गुण्या विकत घेतानासुद्धा ते तेच करतात. फळीच्या कडेला लावून रेघ मारायची, गुण्या पालथा घालून त्याच जागी दुसरी मारायची. रेघा फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी गुण्याची चूक. आम्ही बाल्कनीच्या फरशीवर गेज ठेवलं. पाणी जायच्या जाळीकडे तोंड करून ०.६. तसंच उचलून उलट्या तोंडाने त्याच जागी ठेवलं, तर ०.४. म्हणजे फरशीचा ढाळ ०.५ आणि गेजची चूक ०.१. टेबलावर शून्य धरल्यावर ही चूक पुसली जाते म्हणून डब्याच्या कामात ती कधी टोचली नव्हती. अर्धा अंश म्हणजे मीटरला नऊ मिलिमीटर. मिस्त्री म्हणाले, "पाण्याला एवढा ढाळ पाहिजेच. गवंडी चांगला होता तुमचा." त्या गवंड्याकडे लेव्हल बघायला पाणी भरलेली प्लॅस्टिकची नळी असणार, आणखी काय?

दुसरा डबा परवा जमला. चारही कोपरे मिटले. आईने वाट्या मांडल्या, मोहरीची वाटी मुद्दाम त्या चौथ्या कोपऱ्यात ठेवली आणि काहीच बोलली नाही. पहिला डबा बाल्कनीत आहे. त्याच्या फटीत फेविकॉल आणि भुसा कालवून भरला होता, पण दाणा काढायचा राहिला. पॉलिशखाली तो काळा ठिपका अजून दिसतो. गेज मी त्याच डब्यात ठेवतो.