दिसणे आणि नाव मिळणे यांमधली चोवीस वर्षे

नोव्हेंबर २०२४ मध्ये धाकट्या भावाने मला एक बातमी पाठवली आणि खाली एवढेच लिहिले, "ताई, तुमच्याकडच्या लोकांना एक गोगलगाय ओळखायला चोवीस वर्षे लागली?" बातमी कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग येथील मॉन्टेरे बे ॲक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटची, म्हणजे इथे, मी आता राहते त्या भागात, सगळे जिला 'एम्बारी' म्हणतात त्या संस्थेची होती. 'तुमच्याकडच्या' हा शब्द मला लागला हे खरे. पण त्याहून जास्त लागला तो या चोवीस वर्षांना त्याने दिरंगाई समजण्याचा सूर.

हा जीव पहिल्यांदा दिसला फेब्रुवारी २००० मध्ये. 'टिब्युरॉन' नावाचे दूरनियंत्रित पाणयान २,६१४ मीटर खोलीवर होते. तिथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही आणि पाण्याचा दाब पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे २६० पट असतो. कॅमेऱ्यासमोर आलेल्या प्राण्याचे शरीर पारदर्शक होते, एका टोकाला मोठ्या टोपडीसारखा पडदा होता, दुसऱ्या टोकाला चपटी, बोटांसारख्या झालरीची शेपटी होती आणि मधोमध रंगीत आतडी स्पष्ट दिसत होती. हा मृदुकाय, म्हणजे गोगलगाई-शिंपल्यांच्या गटातला प्राणी आहे यापलीकडे कुणालाच ठामपणे काही सांगता येईना, म्हणून संशोधकांनी त्याला 'गूढ मृदुकाय' असे कामचलाऊ नाव दिले आणि ते पाहत राहिले.

या पाहत राहण्याचे मला जे वाटते ते भावाला फोनवर नीट सांगता आले नाही. पुढच्या वर्षांमध्ये हा प्राणी दीडशेहून अधिक वेळा दिसला आणि प्रत्येक वेळी त्याच्या आयुष्याचा एखादा तुकडा हाती लागला. तो टोपडीत कोळंबीसारखे चपळ जीव कोंडून पकडतो, हे एका भेटीत कळले. तो अंग वरखाली लवचिकपणे हलवत पोहतो किंवा प्रवाहाबरोबर नुसता वाहत जातो. अंडी घालण्याच्या वेळी मात्र तळाशी उतरून पायाने घट्ट चिकटतो. एकदा तर धोका जाणवताच तो उजळला आणि शेपटीचे एक चमकते बोट त्याने मागे सोडून दिले, जशी पाल वळवळती शेपूट टाकून निसटते. हे सगळे काचेच्या बरणीतल्या मृत नमुन्यावरून कधीच कळले नसते, कारण असे मऊ, पाणीदार शरीर द्रावणात टाकले की त्याचा मूळ आकार उरत नाही. तरीही नमुने लागतातच. शरीररचना तपासायला आणि जनुकांची तुलना करायला ते मिळवले गेले, तेव्हा हा न्यूडिब्रँक, म्हणजे कवच नसलेल्या सागरी गोगलगाईंपैकी एक आहे, पण त्याची शाखा इतकी वेगळी आहे की त्याच्यासाठी वर्गीकरणात नवे कुल, म्हणजे प्रजातींचा नवा मोठा गटच मांडावा लागेल, हे सिद्ध झाले. ब्रूस रॉबिसन आणि स्टीव्हन हॅडॉक यांनी २०२४ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला बॅथीडेव्हियस कॉडॅक्टायलस हे नाव मिळाले. बहुतेक न्यूडिब्रँक समुद्रतळावर राहतात आणि मोजकेच पृष्ठभागाजवळ पोहतात. खोल, काळोख्या पाण्यात अधांतरी जगणारा हा पहिलाच.

मी हे इतक्या आग्रहाने लिहिते त्यामागे एक जुनी खंत आहे. एमएस्सीला असताना रत्नागिरीच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी मी सागरी गोगलगाई गोळा केल्या होत्या. त्यांतली एक कोणत्याही पुस्तकातल्या चित्राशी जुळेना, तेव्हा माझ्या मार्गदर्शकांनी सांगितले, "जवळचे नाव लिहून टाक, सत्र संपत आले आहे." मी लिहिले. तो अहवाल आजही कुठेतरी चुकीच्या नावासह पडून असेल. देश सोडण्याची माझी कारणे अनेक होती, पण 'अजून ठरलेले नाही' असे लिहून ठेवायला मुभा असलेली जागा मला हवी होती, हे त्यांतले एक होते आणि त्याबद्दल मला आजही अपराधी वाटत नाही.

मात्र ही तुलना इथेच थांबवली तर ती अन्यायाची होईल. भारतीय प्राणी सर्वेक्षणाने २०२४ मध्येच मेलॅनोक्लॅमिस द्रौपदी या नव्या सागरी गोगलगाईचे वर्णन जाहीर केले. ती पश्चिम बंगालमधल्या दिघा आणि ओडिशातल्या उदयपूर या किनाऱ्यांवरची, जेमतेम ७ मिलिमीटर लांबीची! तिच्यासाठी वाळूवर ओणवे होऊन शोधणाऱ्या डोळ्यांची चिकाटी एम्बारीपेक्षा कमी मानायला मी तयार नाही. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नागरिकांच्या उपक्रमाची मंडळी २०१७ पासून मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर हेच करत आली आहेत. शिवाय भूगोलही विसरता येत नाही. मॉस लँडिंगच्या बंदरातून बाहेर पडताच मॉन्टेरेची सागरी घळ सुरू होते, त्यामुळे इथली नौका सकाळी निघून त्याच दिवशी खोल पाण्यावर पोहोचते. मुंबईसमोर मात्र उथळ भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा पाण्याखालचा सपाट भाग, सुमारे ३०० किलोमीटर पसरलेला आहे. आपल्याकडची खोल पाण्याची भूक आता कुठे 'मत्स्य ६०००'सारख्या पाणबुडीच्या रूपाने दिसू लागली आहे.

भावाला मी हे सगळे लिहून पाठवले. त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. पश्चिम प्रशांत महासागरातल्या मरियाना गर्तेतही असाच दिसणारा प्राणी आढळल्याचे त्याने वाचले होते आणि तो हाच का, असे त्याने विचारले होते. मी कळवले की चित्रात तो तसाच दिसतो, पण तिथला नमुना हाती येऊन तपासला जाईपर्यंत त्याला हे नाव लावता येणार नाही.