जाब कुणाला विचारायचा?

"या वादावर तुमची कंपनी गप्प का? कुणाच्या बाजूने आहात ते आधी सांगा!" पलीकडचा माणूस ओरडत होता. हेल्पलाइनवरची आमची नवी मुलगी "सर, तक्रार नोंदवून घेते" एवढंच म्हणत राहिली. फोन संपला तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

२०२० मध्ये तनिष्कने आंतरधर्मीय डोहाळजेवणाची जाहिरात मागे घेतली, तेव्हा भावना दुखावल्याबरोबरच दुकानांतल्या कर्मचाऱ्यांच्या हिताचंही कारण दिलं होतं. ती माघार मला आजही पटत नाही. पण कर्मचाऱ्यांची काळजी मात्र अगदी खरी वाटते.

कंपन्यांनी सामाजिक वादांत भूमिका घ्यावी, असं मलाही मनापासून वाटतं. पण ती ठरवणारे संचालक सोडून, पगारासाठी फोन उचलणाऱ्या पोरीला का धारेवर धरायचं?